हौसाचं छापील पोस्टकार्ड

जादूच्या प्रयोगाला लागतं ते सगळं माझ्या टेबलावर असायचं. एक लाकडी खोका, एक लांब विणकामाची सुई आणि समोर बसलेले तीन-चार प्रेक्षक. प्रेक्षक पुण्याहून आलेले. दवाखान्यातल्या नोंदी कशा ठेवायच्या आणि त्यांतून हवी ती माहिती कशी बाहेर काढायची, याचा अभ्यासक्रम करणारे हे विद्यार्थी सहा आठवडे आमच्याकडे प्रत्यक्ष काम शिकायला यायचे. मी खोक्यातून जाड कागदाची दोन-अडीचशे कार्डं काढायचो, गठ्ठा ठोकून सारखा करायचो, सदऱ्याच्या बाह्या वर सारायचो, आत काही लपवलेलं नाही हे दाखवायला. मग सुई एका भोकातून आरपार घालून वरच्या पट्टीत म्हणायचो, "ज्यांना दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, त्यांनी खाली उतरावं!" गठ्ठा उचलून एक झटका दिला की दहा-बारा कार्डं टपटप टेबलावर पडायची. बाकीची सुईला लटकून राहायची.

"अय्या!" असं कुणीतरी म्हणायचंच. मी कमरेत वाकून नमस्कार करायचो.

युक्ती अगदी साधी. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड. कार्डाच्या चारी कडांना भोकं आणि प्रत्येक भोकाला एक अर्थ. हे भोक खोकल्याचं, हे तापाचं, हे बाईमाणूस असल्याचं, हे वीस ते तीस वयाचं. रुग्णाला खोकला असेल तर खोकल्याच्या भोकापासून कडेपर्यंत कात्रीने खाच पाडायची. मग त्या भोकातून सुई घातली की खाच असलेलं कार्ड सुईवर टिकत नाही, खाली पडतं. आता हेच काम करणारी खोलीएवढी यंत्रं आली आहेत म्हणे. येवोत बापडी. त्यांना बाह्या वर सारता येत नाहीत.

मी मूळचा भोरचा. भोरला गणपतीत नाटकं व्हायची आणि त्यांत मी खलनायक असायचो. नायकासारखा चेहरा नव्हता, आवाज मात्र होता. नोकरी लागली ती वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात, नोंदी ठेवणारा म्हणून. केंद्राचं गाव सांगत नाही, रुग्णांची नावंही बदलून लिहितो आहे. ही माझी धंद्याची सवय आहे. कशी लागली ते ओघात येईलच.

नोंदी ठेवणं म्हणजे नक्की काय, असं माझे सासरे मला लग्नानंतर बरीच वर्षं विचारत होते. डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, मग दिवसभर करतोस काय? मी त्यांना सांगायचो, डॉक्टर रोग शोधतात, मी रोगी शोधतो. गुंजवण्याच्या अंगाने एक माणूस येतो, औषध घेतो, जातो. सहा महिन्यांनी पुन्हा येतो आणि म्हणतो, मागचंच औषध द्या, लाल होतं. त्या लाल औषधाचं नाव डॉक्टरांना कळायला हवं तर सहा महिन्यांपूर्वीचा त्याचा कागद अर्ध्या मिनिटात हातात यायला हवा. ते अर्धं मिनिट म्हणजे माझी नोकरी.

आणि ते पुस्तकात बघून जमत नाही. म्हणून विद्यार्थी आले की पहिल्या दिवशी मी त्यांना पेशंट करायचो. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी, तिच्यावर एक आजार. रांगेत बसा, कागद काढा, डॉक्टरांना दाखवा, औषध घ्या आणि संध्याकाळी येऊन सांगा की तुमचा कागद कुठेकुठे फिरला. डॉक्टरांना माहीत असायचं. कंपाउंडरला मी मुद्दाम सांगत नसे. साठे नावाच्या एका उंच, सुकुमार विद्यार्थ्याला मी पोटदुखीची चिठ्ठी दिली होती. त्याने भूमिका इतकी जीव ओतून केली की कंपाउंडरने त्याला एरंडेलाचा मोठा डोस समोर उभं राहून पाजला. साठे दुसऱ्या दिवशी दुपारी दिसला. कागद कुठेकुठे फिरला ते त्याला सांगता येईना, स्वतः कुठेकुठे गेला ते मात्र तपशीलवार सांगितलं.

दुसरा धडा वयाचा. खेड्यात कुणाला "वय काय?" विचारून काही मिळत नाही. एका म्हाताऱ्याला साठेने तसं विचारलं, तर म्हातारा म्हणाला, "तूच लाव की मर्दा अंदाज, तुला शिकिवलंय." मग मी पुढे होऊन विचारलं, "बाबा, भाटघरचं धरण बांधत होते तेव्हा तुम्ही काय करत होता?" "तवा म्या गुरं वळायचो." झालं वय. विद्यार्थी वहीत उतरवून घ्यायचे आणि माझ्याकडे जरा आदराने बघायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

साठेच्याच तुकडीत मिस प्रधान होती. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. बारीक चणीची, जाड भिंगाचा चष्मा, दोन वेण्या, आणि हातात सुई धरायची ती अशी की मला माझ्या प्रयोगाची काळजी वाटावी. बाकीचे एका सुईने एक प्रश्न विचारायचे. ती तीन सुया एकदम घालायची. बाई, वीस ते तीस, खोकला. टपटप. चार दिवसांत तिने खोक्यातल्या सगळ्या चुका बाहेर काढल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा माझ्या अक्षरातल्या होत्या.

तिला मी सर्वांत अवघड काम दिलं. हरवलेले रुग्ण शोधण्याचं.

क्षयाचं औषध तेव्हा अठरा महिने घ्यावं लागे. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी यायचं, गोळ्या न्यायच्या. चार-पाच महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस चढतं आणि माणूस येईनासा होतो. रोग आत तसाच. म्हणून कुणी चुकलं की आम्ही त्याच्या पत्त्यावर एक छापील पोस्टकार्ड धाडायचो. वरून आलेला नमुना होता: "आपण क्षयरोगाच्या औषधासाठी ठरलेल्या तारखेस हजर राहिला नाहीत. तरी ताबडतोब यावे." खाली माझी सही. तरीही आला नाही तर कार्डावर लाल शाईने शेरा, "उपचार सोडला."

असं एक कार्ड होतं हौसाचं. हौसा मारुती, वय वीस, पत्ता माहेरच्या गावाचा. बापाबरोबर यायची, चार महिने नेमाने आली आणि पाचव्या महिन्यापासून गायब. माहेरच्या पत्त्यावर पोस्टकार्ड गेलं, उत्तर नाही. लाल शेरा मी मारून टाकला होता.

मिस प्रधानला तो शेरा मान्य होईना. "सर, ही लग्न झालेली आहे. मग सासरी गेली असेल."

"असेल. पण सासर कार्डावर नाही. आणि सासरी तिचं नाव हौसा नसणार." आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, म्हणजे आडनाव, बापाचं नाव आणि पाळण्यातलं नाव तिन्ही एका दिवसात जातात. नोंदी ठेवणाऱ्या माणसासाठी लग्न म्हणजे एक रुग्ण मरून दुसरा जन्माला येणं.

पण दुसरा एक खोका होता, घरोघर फिरून भरलेल्या कुटुंबांच्या कार्डांचा. त्यात सुनेच्या नावापुढे तिच्या माहेरचं गाव आणि बापाचं नाव लिहायची आमची पद्धत होती. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, बाळाची नोंद शोधायची तर माहेर माहीत हवं, म्हणून. मिस प्रधानने दीड दिवस तो खोका उपसला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच कार्ड टेबलावर पडलं. लक्ष्मी, वय वीस, सासर पालीच्या अलीकडच्या एका वाडीत, माहेर हौसाचंच, बापाचं नाव मारुती.

"सर! हौसा म्हणजेच लक्ष्मी!"

मी टाळ्या वाजवल्या. साठेलाही वाजवायला लावल्या. तिने तिथल्या तिथे छापील पोस्टकार्ड घेतलं, सुंदर अक्षरात लक्ष्मीचं नाव आणि सासरचा पत्ता लिहिला, मी झोकात सही ठोकली, आणि संध्याकाळच्या पिशवीतून कार्ड गेलं. त्या रात्री मी जेवताना बायकोला सांगितलं की ही मुलगी माझं नाव काढणार.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाजारच्या गर्दीत मारुती आला, हौसाचा बाप. चांगला दणकट गडी, दंडाला काळा दोरा, खांद्यावर घोंगडी. तो टेबलाला जवळजवळ चिकटून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सायेब, पोरीच्या गोळ्या द्या. म्या पोचिवतो."

"ती कुठं आहे?"

"लावणीला सासरी न्हेली. धा-बारा माणसांचं घर, भाताला हात कमी पडत्यात. म्या न्हाई म्हनू शकलो न्हाई."

मिस प्रधान आनंदाने म्हणाली, "आम्हाला माहीत आहे! लक्ष्मी नाव आहे ना तिथं?"

मारुतीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "तुमाला कुनी सांगितलं, ताई?"

"कार्डांवरून शोधलं."

"तितं कुनाला म्हाईत न्हाई तिला काय झालंय," तो म्हणाला. "अशक्तपना हाय, औषीद घ्यायला माहेरी राहू द्या, असं सांगून ठिवलीती म्या. तिच्या थोरल्या जावंला असाच खोकला व्हता. कळल्याबरूबर तिला माहेरी घालवली, ती घालवलीच. पुन्हा आनली न्हाई. नवऱ्याचं दुसरं लगीन लावलं. ती बाई तितंच गेली, सायेब. म्हनून म्या म्हनतो, गोळ्या माझ्याकडं द्या."

मी मिस प्रधानकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती हे मला दिसत होतं.

बारा माणसांचं घर, उघडं पोस्टकार्ड आणि त्यावर छापील ठळक अक्षरात "क्षयरोग". कार्ड उद्या पोचणार होतं.

मारुतीला मी गोळ्या दिल्या आणि बाकी काही सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगितलं. ते नेहमीच्या शांतपणे म्हणाले, "सही तुमची आहे ना? मग जा." दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने मी आणि मिस प्रधान निघालो. आभाळ कोसळत होतं. मी माझ्याजवळची सगळ्यांत मोठी टोपी घातली होती, कारण गाडीतच मी नाटक रचलं होतं. मी टपालखात्याचा तपासनीस. वाटेत पोस्टमनला गाठायचं, "या भागात चुकीचे पत्ते फार होतात" असं दरडावायचं, पिशवी उघडायला लावायची आणि ते कार्ड जप्त करायचं. मिस प्रधानला मी माझी कारकून केलं होतं.

"सर, हे खोटं बोलणं झालं," ती म्हणाली.

"याला अभिनय म्हणतात."

ती खिडकीबाहेर बघत बसली. चष्म्यावर पाण्याचे थेंब होते, ते तिने पुसले नाहीत.

फाट्यावर उतरून अर्धा तास चालल्यावर पोस्टमन भेटला. त्याला सगळे तात्या म्हणत. पन्नाशीचा, अनवाणी, गळ्यात कॅनव्हासची पिशवी, डोक्यावर छत्री. मी घसा साफ करून दोन वाक्यं बोललो असेन.

"तुमी दवाखान्यातलं कागदवाले ना?" तात्या म्हणाला. "माझ्या नातवाला टोचायला आनला व्हता तवा तुमीच नाव लिवलं. टोपी नवी वाटतं?"

नाटक तिथेच पडलं. मी टोपी काढून हातात घेतली आणि खरं ते सांगितलं. कार्ड परत द्या म्हणालो.

"त्ये न्हाई जमायचं. पेटीत पडलं की सरकारचं, आन् नाव ज्याचं त्येच्या हातात द्यायचं. वीस वरसं ही वाट चालतोय. कुनाचं टपाल दडिवलं न्हाई, कुनाचं बदलून वाचलं न्हाई. जलमल्याचं वाचलं, मेल्याचं बी वाचलं. म्हनून लोक मी वाचतो त्यावर इस्वास ठिवत्यात."

"तुम्ही वाचलंत का ते कार्ड?" मिस प्रधानने विचारलं.

"पोष्टकार्ड हाय ते, ताई. न वाचता ऱ्हाईल कसं?"

"मग तिच्या सासूने वाचायला सांगितलं तर?"

तात्याने छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "चला," म्हणाला. "वाट निसरडी हाय, बघून पाय टाका."

घरी कुणी नव्हतं. सगळे खाचरात होते. गुडघाभर चिखल, त्यात बायकांची वाकलेली ओळ, पाठीवर पानांची इरली, हातात रोपांच्या मुठी. बांधावर सासू उभी. पदर कमरेला खोचलेला, आवाज असा की भोरच्या रंगमंचावर तिला माइक लागला नसता. पलीकडे नांगर सोडून दोन पुरुष विडी ओढत बसले होते. त्यांतला धाकटा तो नवरा असावा.

"काय तात्या, आमाला कुनाचं टपाल?"

"लक्ष्मीबाईचं हाय."

"लक्ष्मीचं?" ओळीतल्या सगळ्या बायका एकदम सरळ झाल्या. सुनेला टपाल येणं म्हणजे माहेरी कुणी तरी गेलेलं असणं. "ए लक्ष्मे, हिकडं ये. तात्या, वाचा बघू मोठ्यानं."

तात्याने पिशवीतून कार्ड काढलं. छत्रीखाली धरलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मी आयुष्यात बऱ्याच जणांना रंगमंचावर वाक्य विसरताना बघितलं आहे. तात्या वाक्य विसरला नव्हता, ते त्याच्या पुढ्यातच छापलेलं होतं. मला मदत करायची होती, पण माझ्या खलनायकाच्या आवाजातून एक अक्षर फुटलं नाही. मिस प्रधानने माझी बाही घट्ट धरली होती.

ओळीतून एक मुलगी चिखल तुडवत बांधाशी आली. इरलं मागे सारलं, हात पदराला पुसले आणि वर बघितलं. मला तिने ओळखलं. ओळख मात्र दाखवली नाही.

"द्या. मीच वाचते," ती म्हणाली.

"तुला गं कवा वाचाया येतंय?" सासू.

"येतंय थोडंथोडं."

तिने कार्ड घेतलं. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि ते हळूहळू सरकवू लागली. ओठ हलत होते. दुसऱ्याच शब्दाशी बोट थांबलं. तो कुठला शब्द आहे ते आम्हा तिघांना पाठ होतं. मग उरलेलं संपवून ती पुन्हा पहिल्या ओळीवर आली आणि शाळेत वाचतात तसं, एकेक शब्द तोडत, मोठ्याने वाचू लागली.

"बाबाची, तब्येत, बरी न्हाई. दवाखान्यात, दाखिवलंय. लावणी उरकली, की हौसाला, पंधरा दिस, धाडून द्या. दर महिन्याला, येकदा तरी, भेट व्हावी."

सासूने मान पुढे काढली. "आन् ह्ये छापल्यालं कसं? मानसं हातानं लिवत्यात."

सगळ्यांनी तात्याकडे बघितलं. तात्याने पिशवीचं बक्कल लावलं.

"सरकारी दवाखान्याचं छापीलच असतंय, वयनी," तो म्हणाला.

"आन् ही दोगं कोन?"

"दवाखान्यातलीच हायती." हेही खरंच होतं.

सासूने पाण्याकडे बघितलं, उरलेल्या खाचरांकडे बघितलं. "लावणी होऊस्तवर कुनी कुटं जायाचं न्हाई. मंग बघू. आठ दिस, पंधरा न्हाई. जा, हात चालव." नवऱ्याने विडी टाकली आणि तो नांगराकडे गेला. हौसा परत ओळीत गेली, वाकली, डाव्या हातातलं कार्ड चिखलात खाली दाबलं आणि त्याच जागी रोपांची मूठ लावली. मग पुढची, मग पुढची.

परत येताना तात्या जरा खुशीत होता. "म्या येक शबूद खोटा बोललो न्हाई," तो दोनदा म्हणाला. फाट्यावर एसटीची वाट बघताना मिस प्रधानने विचारलं, "सर, आतापर्यंत अशी किती कार्डं गेली असतील आपल्याकडून?"

मी मोजलेली नव्हती. गठ्ठ्यावर गठ्ठे संपवले होते आणि प्रत्येकावर झोकात सही केली होती. त्यांतली किती कुठल्या बांधावर वाचली गेली याची नोंद ठेवायचा रकाना आमच्याकडे नव्हता.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवट मला हवा तसा करता येईल. छापील कार्डं आम्ही वापरायची बंद केली. उरलेल्या गठ्ठ्यांच्या पाठीवर रांगेचे नंबर घातले आणि चुकलेल्या रुग्णांना बंद पत्रातून, रोगाचं नाव न लिहिता बोलावू लागलो. वरून विचारणा झाली, तिचं उत्तर डॉक्टरांनी दिलं. त्यांनीच देवीच्या लसीच्या निमित्ताने त्या घरातल्या बाराही माणसांच्या छातीला नळी लावून घेतली. हौसाचा कोर्स पुरा झाला. त्यासाठी मारुतीला मात्र वर्षाहून अधिक काळ आजारी राहावं लागलं. सासरचं कुणी येताना दिसलं की तो दणकट माणूस अंगणातलं लाकूड फोडणं टाकून आत जाऊन घोंगडी पांघरायचा आणि कण्हायचा. अभिनय बरा करायचा, फक्त जेवायचा फार. हौसाची सासू एकदा त्याला म्हणाली होती, "तुमचं दुखनं लई चांगलं हाय, याही. अंगाला लागलंय."

आता मागे येतो. लावणी उरकल्यावर आठ दिवसांसाठी हौसा माहेरी आली आणि दुसऱ्याच दिवशी बापाबरोबर केंद्रात. मिस प्रधानचा शेवटचा आठवडा चालू होता. गोळ्या देऊन झाल्या, तरी हौसा टेबलासमोरून हलेना.

"माझं कार्ड दावा."

असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. कार्ड आमचं, माहिती त्यांची, पण बघायचं आम्ही, अशी रीत. मी खोका पुढे ओढला, सुई उचलली आणि सवयीने बाह्या वर सारल्या. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी सुई खाली ठेवली आणि कार्ड हाताने काढून दिलं.

ती बोट ठेवून वाचत गेली. नाव बरोबर. गाव बरोबर. वयाला हसली, "वीस न्हाई, अठरा." शिक्षणाच्या रकान्याशी थांबली. तिथे "निरक्षर" लिहिलेलं होतं आणि कडेला त्याची खाच पाडलेली. अक्षर माझं.

"ह्ये कुनी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. बाई डोंगरातून आली, बापामागे उभी राहिली, मी कात्री चालवली. इतरांच्या वयासाठी धरणापर्यंत जाणारा मी, हिला एक साधा प्रश्न विचारायला विसरलो होतो.

"शाळा आमच्या घराला लागून," मारुती खाली बघत म्हणाला. "चौथीपत्तोर गेली ती. मंग म्या काढली."

हौसाचं बोट खाली गेलं. सगळ्यांत खाली लाल शाई होती. ती तिने दोनदा वाचली.

"उपचार सोडला," ती म्हणाली. "कुनी, म्या?"

"आमच्यात तसं लिहायची पद्धत आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच कारकुनी वाटला. "जो तारखेला येत नाही, त्याच्यापुढे."

"मंग खोडा."

नोंद खोडायचा नियम आहे. शाई फासायची नाही, कागद खरवडायचा नाही. एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही, तारीख आणि बदलाचं कारण. मी रेघ मारली, सही केली, तारीख घातली. झोक वगैरे काही आला नाही सहीत. मग पेन मिस प्रधानकडे दिलं, कारण शिकायला ती आली होती.

तिने चष्मा सावरला. "कारण काय लिहू, सर?"

मला अशा वेळची चार-पाच वाक्यं तोंडपाठ होती. "अनवधानाने." "पत्त्यात बदल." मी त्यांतलं एक निवडत होतो, तेवढ्यात मिस प्रधान वळली आणि तिने तोच प्रश्न हौसाला विचारला.

हौसाने गोळ्यांची पुडी कमरेला खोचली.

"लिवा," ती म्हणाली, "बाई कुटं गेली न्हवती. सासरी लावणी करत व्हती."

मिस प्रधानने ते तसंच्या तसं, सुंदर अक्षरात, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. हौसाने वाचून बघितलं आणि मान हलवली.